कागदावरची तारीख आधी वाचा

माझं माहेर सौंसर आणि सासर निपाणी. त्यामुळे ‘सौंसर की सासर’ ही थट्टा आमच्या घरात लग्नापासून चालत आली आहे. तोही मुलूख आपल्यासारखाच सीमेवरचा. इथे घरात मराठी आणि बाजारात कानडी, तिथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. संत्र्याच्या बागा, कपाशी, आणि दवाखान्याचं मोठं काम निघालं की नागपूर. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला वेगळा जिल्हा झाला आणि आमचं सौंसरही छिंदवाड्यातून निघून त्यात गेलं.

पांढुर्ण्याचं नाव दूरवर गेलं ते गोटमारीमुळे. आपला कर्नाटकी बेंदूर, म्हणजे कारहुण्णिवे, ज्येष्ठातच होऊन जातो. तिकडे बैलांचा सण म्हणजे पोळा, श्रावणातल्या अमावास्येला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याची माणसं आणि दुसऱ्या काठावर सावरगावची माणसं उभी राहतात. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि दिवसभर दगड चालतात. शेकड्यांनी माणसं जखमी होतात. जीवही गेले आहेत.

अशाच एका गोटमारीनंतर वहिनीचा फोन आला. (हे तिच्या आणि तिच्या मुलाच्या परवानगीने लिहिते आहे.) पोरगा दगड मारायला गेला नव्हता, जखमींना उचलायला गेला होता. पण त्याच्या स्वतःच्या तळहाताला खोक पडली होती आणि दुसऱ्याचं रक्त त्यावर आलं. तो दुसरा कोण, कुठला, काही माहीत नाही. कोणीतरी मनात एड्सची भीती घातली. पाचव्या दिवशी पोराने खासगी लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट आला नॉन-रिॲक्टिव्ह.

‘ताई, रिपोट तं चांगला आला. आता चिंता नाही ना? पोराचं लग्न जमून राह्यलं,’ वहिनी म्हणाली.

मी पुष्कळ वर्षं लॅबमध्ये रक्त तपासण्याचंच काम केलं. म्हणून तिला म्हटलं, ‘वहिनी, कागद खोटा नाही. पण गोटमारीच्या दिवशी काय झालं, हे तो कागद सांगतच नाही. त्याच्या आधीपर्यंतचं सांगतो.’

वाचकहो, आजचा विषय एवढाच आहे. एचआयव्हीची चाचणी किती दिवसांनी खरी मानायची? गोटमारीच्या जागी तुम्ही दुसरा कुठलाही प्रसंग घाला. असुरक्षित संबंध असेल, नर्सला टोचलेली सुई असेल, महिनोन् महिने बाहेरगावी राहून परतलेला नवरा असेल. प्रश्न तोच राहतो.

वहिनीला समजावं म्हणून मी तिच्याच बागेतला दाखला दिला. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर डोळा हिरवाच दिसतो. त्यावरून कलम लागलं, असं कोणी म्हणत नाही आणि फसलं, असंही म्हणत नाही. काही आठवडे थांबावंच लागतं. रक्ताचंही तसंच आहे.

विषाणू शरीरात शिरला तरी पहिले साधारण दहा दिवस कुठल्याच चाचणीत सापडत नाही. मग तो रक्तात वाढू लागतो. आणखी काही दिवसांनी शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. लागण झाली आहे पण चाचणीत दिसत नाही, अशा या मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. तो किती लांब, हे चाचणी काय शोधते त्यावर ठरतं.

खुद्द विषाणूचा अंश शोधणारी ‘नॅट’ चाचणी साधारण १० ते ३३ दिवसांत लागण पकडते. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये करतात ती चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचं प्रथिन आणि प्रतिपिंडं दोन्ही पाहते, तिला १८ ते ४५ दिवस लागतात. बोटाला टोचून थेंबभर रक्तावर होणारी, फक्त प्रतिपिंडं पाहणारी झटपट चाचणी २३ ते ९० दिवस घेते. आपल्या हातात आलेला कागद यातल्या कुठल्या चाचणीचा, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून प्रसंगानंतर तीन महिने पूर्ण झाल्यावर केलेली चाचणी निगेटिव्ह आली आणि मधे नवा धोका घडला नाही, तर निश्चिंत व्हावं, हा साधा हिशेब लक्षात ठेवा.

मग पाचव्या दिवसाची चाचणी वाया गेली का? नाही. आधीपासून लागण नव्हती, हे तिच्यामुळे कळलं. पण त्या पाच दिवसांत दुसरं एक काम अधिक मोलाचं असतं. धोका घडल्यापासून ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, सरकारी दवाखाना गाठला आणि डॉक्टरांना गरज वाटली, तर लागण टाळण्यासाठी २८ दिवसांच्या गोळ्या सुरू करता येतात. या गोळ्या घेतल्या असतील तर पुढच्या चाचण्यांच्या तारखा डॉक्टरांकडूनच घ्या. औषधामुळे लागणीच्या खुणा उशिरा दिसू शकतात.

आमच्या पोराचा धोका तसा लहानच होता. धड कातडीवर रक्त सांडून एचआयव्ही होत नाही. उघड्या जखमेतून शक्यता असते, पण थोडी. तरीही थोडी म्हणजे शून्य नव्हे, आणि लग्नात दुसऱ्याच्या लेकीचा जीव गुंतलेला असतो. ‘पोरीच्या घरी काय सांगू?’ वहिनीने विचारलं. मी म्हटलं, पंचांग बघा. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय लग्नाचा बार उडत नाहीच. पोळ्याच्या अमावास्येपासून मोजलं तर मार्गशीर्ष लागताना तीन महिने होतात. पुढची तारीख धरा. त्याने सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घेतलं. दोन्ही वेळा निगेटिव्ह. मग बैठक झाली.

त्या तीन महिन्यांत त्याने आणखी एक पथ्य पाळलं. रक्तदान केलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘रक्त दिलं की तपासणी फुकटात होते’ असं म्हणणारे शहाणे आपल्याही गावात आहेत. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं आणि त्यांतलं एक मूल दगावल्याचं समोर आलं. ही मुलं पुन्हा पुन्हा चढवल्या जाणाऱ्या रक्तावरच जगतात. त्या रक्तातूनच लागण झाल्याचा संशय होता. राज्याच्या आरोग्य खात्याने चौकशी लावली आणि नॅट चाचणीची मागणी पुन्हा पुढे आली. नॅट प्रत्येक रक्तपेढीत होत नाही, आणि जिथे होते तिथेही पहिल्या काही दिवसांतली लागण निसटू शकते. म्हणजे शंका असलेल्या माणसाने दिलेली पिशवी तपासणीत चांगली ठरून एखाद्या लेकराच्या शिरेत जाऊ शकते. शंका असेल तर चाचणी करा, रक्तदान नको.

चाचणी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते. आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली तरी तिच्या एकटीवर शिक्का मारत नाहीत, वेगळ्या पद्धतीच्या आणखी चाचण्या करूनच निदान ठरतं. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. विचारायची लाज वाटत असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

२००० च्या दशकात सांगली, बेळगाव, बागलकोट हे आपले जिल्हे या आजाराने फार पोळले. तेव्हा घरोघरी भीती होती आणि औषध मिळणं कठीण होतं. सरकारी मोफत औषधोपचार एप्रिल २००४ मध्ये सुरू झाला. आज निदान झालं की लगेच उपचार सुरू होतात, आणि रोज गोळी घेणारा माणूस संसार करतो, म्हातारा होतो. म्हणून खऱ्या निकालाला भिण्याचं कारण उरलं नाही. भ्यायचं ते घाईच्या निगेटिव्हला, कारण त्याच्या भरवशावर माणूस घरी निर्धास्त वागतो.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की निकालाच्या आधी तारीख वाचा. प्रसंगाचा दिवस आणि रक्त दिल्याचा दिवस यांतलं अंतर बोटांवर मोजा. तीन महिने भरले नसतील तर तोवर निरोध वापरा, रक्त देऊ नका, आणि पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. कानडीत आपण किती सहज म्हणतो, ‘स्वल्प तडीरी’. जरा थांबा. तेवढं थांबणं आपल्या घरासाठी आणि दुसऱ्याच्याही लेकरासाठी असतं.