‘पेशंट मोटिव्हेटेड नाही’, म्हणे!

सांगलीच्या एका फिजिओथेरपिस्ट वाचक भगिनींनी क्लेम नाकारल्याच्या पत्राची झेरॉक्स पाठवली आहे. अँजिओप्लास्टीनंतरचा फेज-टू, म्हणजे घरून येऊन करायचा, कार्डिअ‍ॅक रिहॅब. डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांचा खर्च मिळेल असे पॉलिसीत स्वच्छ छापलेले. रुग्णाने बिले जोडली. उत्तर आले : प्रत्येक सेशनचा इनडोअर केसपेपर व नर्सिंग चार्ट सादर करावा. घरून येऊन, ट्रेडमिलवर वीस मिनिटे चालून, पुन्हा घरी जाणाऱ्या माणसाचा नर्सिंग चार्ट! भगिनींनी खुलासा पाठवला. त्यावर दुसरे पत्र : त्या काळात रुग्ण दाखल नसल्याने दावा अमान्य. तो दाखल असता, तर तो डिस्चार्जनंतरचा खर्च कसा झाला असता, हे विचारायचे कोणाला? टोल-फ्रीवर सनई वाजते.

रुग्णाने नवव्या सेशननंतर येणे सोडले. फाइलवर शेरा पडला : ‘पुअर मोटिव्हेशन’. तो आपणच लिहिला, हेही भगिनींनी प्रांजळपणे कळवले आहे. लिहितो आपण सगळेच.

खापर फक्त विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएवर फोडून भागणार नाही. सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये ड्रग-इल्यूटिंग स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली, ते उत्तमच झाले. स्टेंटचा स्टिकर जपून ठेवला जातो, मेटोप्रोलॉलचे मिलिग्रॅम लिहिले जातात आणि डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी दोन शब्द : ‘नियमित चालणे’. किती? श्रमाच्या कोणत्या बोर्ग आकड्याला? नाव ना पत्ता. आणि बीटा-ब्लॉकरवरच्या माणसाला कमाल ठोक्यांसाठी 220 वजा वय हे गणित शिकवणारे महाभाग आपल्याच बिरादरीत आहेत. फॉर्मवर ‘धूम्रपान’ विचारले की बाई ‘नाही’ म्हणतात. तंबाखूची मिश्री कोणी विचारतच नाही.

रिहॅबचा पुरावा नव्याने सांगायला नको. 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात 63 चाचण्या होत्या आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू 10.4 वरून 7.6 टक्क्यांवर आलेले दिसले. आपल्या देशातल्या योगा-केअर चाचणीत 13 सेशन होती. हृदयघटनांत एकूण फरक ठोस ठरला नाही, पण ज्यांनी किमान 10 केली त्यांच्यात त्या कमी दिसल्या. येत राहणारे मुळातच सावध असतात, हा आक्षेप मान्य. तरी घोडे अडते ते तिथेच : माणूस येत राहील कसा?

आमच्याकडे एक टेम्पोचालक चौथ्या दिवशी म्हणाले, “पाइप मोकळा केला ना डॉक्टरांनी, आता कशाला?” व्याख्यान जिभेवर आले होते, ते गिळले. विचारले, “व्यायामाची गरज दहापैकी किती वाटते?” म्हणाले, “चार.” “मग दोन का नाही?” बराच वेळ नुसते नॅपकीनशी चाळा. मग म्हणाले, “नात तिसऱ्या मजल्यावर राहते. परवा दुसऱ्यावरच बसलो.” त्या दिवसापासून त्यांच्या चार्टवर मेट्स या श्रमाच्या एककाऐवजी जिने लिहिले. बॅचही सकाळी साडेसहाची दिली, कारण अकराला टेम्पो उभा ठेवला तर त्या दिवशी चूल कशावर पेटणार? मिलर-रोलनिकचे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग वाचलेले आपल्यात पुष्कळ आहेत, पण साडेसहाला कुलूप उघडणारे किती?

2025 च्या सप्टेंबरात फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावायचे की नाही, यावर आपण ग्रुपवर रात्री जागवल्या. ती ऊर्जा आता इकडे वळवा. रुग्ण वॉर्डात असतानाच पहिल्या सेशनची तारीख कार्डावर लिहून घ्या. कार्डिऑलॉजिस्ट कुरकुरले तर रोज जाऊन उभे राहा. आणि दावे नाकारल्याची पत्रे, रुग्णाचे नाव व पॉलिसी क्रमांक खोडून, येत्या 15 तारखेपर्यंत कार्यालयात पाठवा. गठ्ठा विमा नियामकाकडे आम्ही पाठवू. सांगलीचे पत्र वरती लावले आहे. खाली अजून एकही नाही.