अपयशाचा दाखला हवा, उपचाराचा खर्च नको

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९मध्ये आरोग्यविम्यातील अपवर्जने, म्हणजे ज्यांची भरपाई मिळत नाही अशा बाबी, सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यांतील लठ्ठपणाविषयीच्या सहाव्या कलमानुसार देहभारांक (किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) ४० वा अधिक असल्यास शस्त्रक्रियेचा खर्च ग्राह्य धरता येतो. तो ३५ वा अधिक असल्यास मात्र हृदयधमनीविकार, अनियंत्रित मधुमेह यांसारखा गंभीर सहविकार असावा लागतो आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले असावे लागतात.

हे सौम्य उपाय म्हणजे मुख्यतः वर्तन-समुपदेशन, अर्थात रुग्णाच्या रोजच्या सवयी नोंदवून त्या टप्प्याटप्प्याने बदलण्याचे काम. आणि नेमके त्याचेच पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत, कारण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. बंगळूरच्या चामराजपेटेत रोज न्याहारीला चौचौ भात (गोड केसरी भात आणि तिखट खारा भात ही रव्याच्या पदार्थांची जोडी) घेणाऱ्या माणसाचा केसरी भात आठवड्यातून एकदावर आणि खारा भात निम्म्यावर आणायला आहारतज्ज्ञाच्या कितीतरी भेटी लागतात. त्यांचे शुल्क रुग्ण पदरचे भरतो आणि पुढे दावा दाखल करताना त्याच पावत्या अपयशाचा पुरावा म्हणून जोडतो. जो उपचार फसल्याचा दाखला मागायचा, तो यशस्वी व्हावा म्हणून एक रुपयाही द्यायचा नाही, ही विसंगती प्राधिकरणाने इतकी वर्षे चालू ठेवावी हे अक्षम्य आहे. भारतीयांसाठी लठ्ठपणाची सीमा २५ मानली जाते. २५ ते ३५मधला रुग्ण, ज्याचे हृदय वेळीच सांभाळता येते, तो तर या कलमाच्या बाहेरच राहतो.

असे समुपदेशन विम्यात बसवता येते: अमेरिकेतील मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने नोव्हेंबर २०११मध्ये देहभारांक ३० व त्यावरील रुग्णांना पहिला महिना दर आठवड्याला, सहाव्या महिन्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि तोवर तीन किलो वजन उतरल्यास वर्षअखेरपर्यंत दरमहा समुपदेशन मंजूर केले.

तथापि दोष एकट्या प्राधिकरणाचा नाही. पावतीवर 'समुपदेशन शुल्क' एवढेच खरडणारे आणि कंबरेचा घेर कधीच न मोजणारे व्यावसायिक कोणत्या आधारावर भरपाई मागणार? म्हणून समुपदेशन करणाऱ्या आमच्या सदस्यांनी या महिन्यापासून प्रत्येक भेटीची तारीख, वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, ठरलेला बदल आणि तो पाळला गेला की नाही, हे सहीनिशी नोंदवावे, आणि नाकारलेल्या दाव्यांच्या प्रती रुग्णाच्या संमतीने, त्याची ओळख झाकून, संपादकीय कार्यालयाकडे पाठवाव्यात. त्या एकत्र करून कलमदुरुस्तीची मागणी प्राधिकरणाकडे केली जाईल.