विश्लेषण : २५ लाख मतं आणि फरक फक्त २८०! ॲरिझोनाच्या २०२२च्या निवडणुकीत नेमकं काय घडलं होतं?

‘माझ्या एका मताने काय फरक पडतो?’ हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत कोणी ना कोणी विचारतंच. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याने २०२२ मध्ये त्याचं थेट उत्तर दिलं. ॲटर्नी जनरल या पदासाठी राज्यभरात सुमारे २५ लाख मतं पडली आणि विजयी उमेदवार जिंकली फक्त २८० मतांनी. म्हणजे साधारण ९ हजार मतांमागे एका मताचा फरक.

पण ही गोष्ट फक्त काठावरच्या विजयाची नाही. निवडणूक घेणारा अधिकारीच उमेदवार असेल तर? एखाद्या जिल्ह्याने निकाल मंजूर करायलाच नकार दिला तर? आणि मंत्रिमंडळातली माणसं एकमेकांच्या विरोधी पक्षांची असतील तर? या सगळ्या प्रश्नांची परीक्षा त्या एका निवडणुकीत झाली.

एकाच दिवशी इतक्या पदांची निवडणूक का?

भारतात आपण आमदार निवडतो, आमदारांच्या बहुमतावर मुख्यमंत्री ठरतो आणि मंत्री कोण असावेत हे मुख्यमंत्री ठरवतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तसं नाही. तिथे गव्हर्नर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद, थेट जनता निवडते. त्यासोबत इतर काही मोठी पदंही थेट मतदानानेच भरली जातात.

८ नोव्हेंबर २०२२ रोजी ॲरिझोनाच्या मतदारांसमोर गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट, ॲटर्नी जनरल, खजिनदार, शाळांचा प्रमुख आणि खाण निरीक्षक अशी सहा पदं होती. प्रत्येक पदासाठी वेगळं मत.

इथे एक गल्लत होऊ शकते. देशपातळीवर ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे परराष्ट्रमंत्री. राज्यात मात्र हा अधिकारी मुख्यतः निवडणुका पाहतो. ॲरिझोनात तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर हे पदच नव्हतं. त्यामुळे गव्हर्नरची खुर्ची मध्येच रिकामी झाली, तर ती सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जायची. २००९ मध्ये डेमोक्रॅटिक गव्हर्नर जॅनेट नॅपोलिटानो ओबामांच्या मंत्रिमंडळात गेल्या आणि रिपब्लिकन जॅन ब्रूअर गव्हर्नर झाल्या, त्या याच नियमाने. निवडणूक न होता सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली.

वातावरण इतकं तापलेलं का होतं?

२०२० मध्ये जो बायडेन यांनी ॲरिझोना फक्त १०,४५७ मतांनी जिंकलं होतं. ट्रम्प समर्थकांनी तो निकाल मान्य केला नाही. २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवार कारी लेक, सेक्रेटरी ऑफ स्टेटचे उमेदवार मार्क फिंचम आणि ॲटर्नी जनरलचे उमेदवार एब हमादे हे तिघेही त्या निकालावर शंका घेणारे होते. तिघांनाही ट्रम्प यांचा पाठिंबा होता.

म्हणजे पुढची, २०२४ची अध्यक्षीय निवडणूक कोण घेणार आणि तिचा निकाल कोण प्रमाणित करणार, हेही याच मतदानातून ठरणार होतं.

निकाल काय लागला?

गव्हर्नरपदी डेमोक्रॅट केटी हॉब्स १७,११७ मतांनी जिंकल्या. सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून डेमोक्रॅट एड्रियन फॉन्टेस यांनी फिंचम यांना सुमारे १ लाख २० हजार मतांनी हरवलं. ॲटर्नी जनरलपदी डेमोक्रॅट क्रिस मेझ यांचा विजय झाला.

पण त्याच मतदारांनी खजिनदार म्हणून रिपब्लिकन किंबर्ली यी यांना सुमारे ११ टक्क्यांच्या फरकाने निवडून दिलं. शाळांचे प्रमुख म्हणून रिपब्लिकन टॉम हॉर्न जिंकले. खाण निरीक्षकपदी रिपब्लिकन पॉल मार्श यांच्यासमोर छापील मतपत्रिकेवर विरोधकच नव्हता.

यी यांना कारी लेक यांच्यापेक्षा लाखाहून जास्त मतं मिळाली. याचा अर्थ सरळ आहे. रिपब्लिकन खजिनदाराला मत देणाऱ्या बऱ्याच मतदारांनी त्याच मतपत्रिकेवर लेक यांचं नाव टाळलं. पक्ष तोच, पण उमेदवार पाहून मत बदललं.

५११ चे २८० कसे झाले?

पहिल्या मोजणीत मेझ ५११ मतांनी पुढे होत्या. त्याच वर्षी राज्याने कायदा बदलला होता. आधी फरक ०.१ टक्क्याच्या आत असेल तरच आपोआप फेरमोजणी व्हायची, ती मर्यादा ०.५ टक्के करण्यात आली. त्यामुळे ॲटर्नी जनरल आणि शाळाप्रमुख या दोन्ही पदांची फेरमोजणी झाली.

त्यात पिनाल काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) सुमारे ५०० मतं आधी मोजणीतून सुटल्याचं उघड झालं. कारण मानवी चूक. २९ डिसेंबरला अंतिम आकडा जाहीर झाला: २८०. हमादे न्यायालयात गेले, पण निकाल बदलला नाही.

फेरमोजणीत चूक सापडली, हे काहींना घोटाळ्याचा पुरावा वाटलं. प्रत्यक्षात फेरमोजणी असते ती अशा चुका सापडाव्यात म्हणूनच. आणि या चुकीचा फटका बसला होता तो हरलेल्या उमेदवारालाच, तेही रिपब्लिकनबहुल काउंटीत. चूक लपवली गेली नाही, ती दुरुस्त करून आकडा जाहीर झाला.

मॅरिकोपाच्या प्रिंटरचं प्रकरण काय?

राज्यातले निम्म्याहून जास्त मतदार मॅरिकोपा काउंटीत आहेत. मतदानाच्या दिवशी तिथल्या २२३ पैकी किमान ६० केंद्रांवर मतपत्रिका फिकट छापल्या गेल्या आणि मोजणी यंत्रांना त्या वाचता येईनात. मतदारांना रांगेत ताटकळावं लागलं. सुमारे १७ हजार मतपत्रिका वेगळ्या पेटीत ठेवून नंतर मुख्य केंद्रात मोजल्या गेल्या.

१७ हजार मतपत्रिका आणि हॉब्स यांचं १७ हजारांचं मताधिक्य, हा योगायोग सोशल मीडियावर भरपूर फिरला. पण त्या मतपत्रिका मोजल्या गेल्या होत्या, बाद झाल्या नव्हत्या. राज्याच्या माजी सरन्यायाधीश रूथ मॅकग्रेगर यांनी नंतर चौकशी केली. जाड कागद आणि लांब मतपत्रिका यांचा भार प्रिंटरला झेपला नाही, असं त्यांच्या अहवालात आढळलं. कोणी मुद्दाम केल्याचा पुरावा मिळाला नाही. लेक यांनी दोन वर्षं खटले लढवले, पण निकाल कायम राहिला.

निकाल मंजूर करायलाच नकार?

कोचीस काउंटीच्या तीन सदस्यांच्या मंडळातल्या दोन रिपब्लिकन सदस्यांनी २८ नोव्हेंबरची मुदत उलटली तरी निकाल मंजूर केला नाही. त्यामुळे तिथली सुमारे ४७ हजार मतं राज्याच्या बेरजेतून गळण्याची वेळ आली. गंमत म्हणजे ही काउंटी रिपब्लिकनांकडे झुकणारी. ती मतं गळली असती तर शाळाप्रमुखपदाचा, म्हणजे रिपब्लिकन हॉर्न यांचाच विजय उलटला असता. शेवटी न्यायालयाने आदेश दिला आणि १ डिसेंबरला मंजुरी मिळाली.

५ डिसेंबरला राज्याचा निकाल प्रमाणित झाला. त्यावर सही कोणाची? सेक्रेटरी ऑफ स्टेट केटी हॉब्स यांची. म्हणजे स्वतःच्याच विजयावर त्यांनी सही केली. त्यांनी या कामातून बाजूला व्हावं अशी टीका झाली होती. कायद्यात तशी सक्ती नव्हती, आणि प्रत्यक्ष मतदान व मोजणी काउंट्या करतात, हेही खरं. तरीही प्रश्न वाजवी होता. आदल्या निवडणुकीवर इतका अविश्वास असताना असं चित्र दिसणं कोणाच्याच फायद्याचं नव्हतं.

२८० मतांनी पुढे काय बदललं?

९ एप्रिल २०२४ रोजी ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६४ सालचा, जवळपास संपूर्ण गर्भपातबंदीचा कायदा पुन्हा लागू करता येईल असा निर्णय दिला. ॲरिझोना तेव्हा राज्यही झालं नव्हतं, इतका तो जुना. या कायद्याखाली कोणत्याही महिलेवर किंवा डॉक्टरवर खटला भरणार नाही, असं मेझ यांनी जाहीर केलं. गर्भपाताचे खटले काउंट्यांऐवजी ॲटर्नी जनरलच्या हाती देणारा आदेश हॉब्स यांनी २०२३ मध्येच काढला होता. पुढे विधिमंडळाने कायदा रद्द केला आणि २ मे रोजी हॉब्स यांनी त्यावर सही केली. पण मधल्या काळात डॉक्टरांना कितपत भीती बाळगायची, हे एका पदावर अवलंबून होतं.

दुसरीकडे, वेगवेगळ्या पक्षांचं सरकार चालवणं सोपं नव्हतं. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाची १४३ विधेयकं हॉब्स यांनी २०२३ मध्ये रोखली, हा राज्याचा विक्रम ठरला. शाळांमधल्या द्विभाषिक वर्गांवरून हॉर्न यांनी हॉब्स आणि मेझ यांनाच न्यायालयात खेचलं. तो दावा फेटाळला गेला. मंत्र्याने मुख्यमंत्र्यावर दावा ठोकावा, तसाच हा प्रकार.

२०२२ मध्येच मतदारांनी आणखी एक बदल मंजूर केला: २०२६च्या निवडणुकीपासून गव्हर्नरसोबत त्याच पक्षाचा लेफ्टनंट गव्हर्नर निवडायचा. म्हणजे २००९ सारखी अचानक पक्षबदलाची वेळ आता येणार नाही. निवडणूक पाहणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या निकालावर सही करावी का, हा प्रश्न मात्र त्या बदलाने सुटलेला नाही.