ज्यांचे शरीर, त्यांचाच निष्कर्ष!

संशोधक वस्तीत येतात, तपासणीचे नमुने घेतात, संमतीपत्रावर अंगठा घेतात आणि निघून जातात. पुढे काय निष्पन्न झाले, हे त्या वस्तीला कोण सांगतो?

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचे उदाहरण घ्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर तेथे फार मोठे संशोधन झाले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. तीन समूहांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या समूहातील ३१,४८८ स्त्रियांना तपासणी न देता नेहमीच्याच आरोग्यसेवेवर ठेवले गेले. २००९ साली निष्कर्ष अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इंग्रजीत छापून आला. एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या समूहात या रोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या समूहात ६४! एकदाच केलेली चाचणी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, हे या कष्टकरी बायांमुळे जगाला कळले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही प्राथमिक तपासणीसाठी याच चाचणीची शिफारस केली.

आम्ही संशोधकांच्या हेतूवर संशय घेत नाही. असे संशोधन झालेच पाहिजे. परंतु त्या बाया आज आज्या झाल्या आहेत आणि त्यांच्या लेकीसुना तपासणीच्या वयात आल्या आहेत. हा निष्कर्ष त्यांच्या उंबऱ्यापर्यंत मराठीत पोहोचणार नसेल, तर तो कोणासाठी?

हा उपकाराचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. संशोधनाचे निष्कर्ष जाणून घेण्याची संधी सहभागी व्यक्तींना मिळाली पाहिजे, असे हेलसिंकी घोषणापत्र सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही निष्कर्ष समाजापर्यंत नेण्यास सांगतात. नियम कागदावर आहेत. ते मागणारा समाज जागा हवा.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. वस्तीत संशोधक आले की अंगठ्याआधी तीन प्रश्न विचारा. निष्कर्ष कधी सांगणार? कोण सांगणार? कोणत्या भाषेत सांगणार? उत्तरे संमतीपत्रात लिहून घ्या. मात्र एक भान ठेवा : सामूहिक निष्कर्ष समाजमंदिरात सर्वांसमोर सांगावा, पण कोणा एकीचा अहवाल तिच्याच हातात द्यावा. आणि धाराशिवच्या गावोगावी जाऊन त्या आज्यांना सांगा की, तुमच्यामुळे जग शहाणे झाले. आता तुमच्या लेकीसुनांची तपासणी झालीच पाहिजे!