कुलपापलीकडची राखण

चवथ जवळ आली की गोव्यातील लहान पसरकार आपली सारी पत पणाला लावून माल भरतो. घाऊक व्यापाऱ्याचे देणे आणि गिऱ्हाइकांकडील उधारी यांच्या मध्ये त्याचा संसार उभा असतो. अशा दुकानावर एका रात्री घाला पडला तर गल्ल्यातील चार नोटाच जातात असे नाही, त्या कुटुंबाचे वर्ष बुडते. म्हणूनच हा प्रश्न किरकोळ मानणे आम्हांस मान्य नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने पाच हजार रुपयांच्या आतील पहिल्या चोरीस, माल अथवा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. अशी चोरी अदखलपात्रही ठरली आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. भुरट्या चोरास सुधारण्याची संधी मिळावी, हा हेतू स्तुत्य आहे. परंतु ज्याची दिवसाची मिळकतच तेवढी, त्याने दाद कोठे मागावी? रात्री दुकान फोडणे मात्र दखलपात्र गुन्हाच आहे, हे दुकानदारांनी विसरू नये.

कायदा चोरीनंतर येतो. राखण आधी करावी लागते. आपल्याकडे पुढच्या शटरला दोन भक्कम कुलुपे असतात, आणि मागचे दार एका कडीवर! जुन्या कौलारू दुकानांत तर चार कौले सरकवली की वाट मोकळी. पावसाच्या आवाजात ती सरकवल्याचे कोणाला कळणार? मागच्या दारास आडवा लोखंडी दांडा, कौलांखाली जाळी आणि छपरावर आलेल्या फांद्यांची छाटणी, हे उपाय फार खर्चाचे नाहीत. रात्री गल्ला रिकामा करून उघडा ठेवावा. कॅमेरा बसवला तरी चित्रण साठवणारे यंत्र त्याच्याच खाली ठेवले तर चोर तेही उचलून नेतो. ते आडबाजूस कुलुपात असावे. मोबाईलवरून पैसे भरल्याचे गिऱ्हाइकाने दाखवले तरी रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री केल्यावाचून माल देऊ नये.

तथापि सारा भार दुकानदारावर टाकणे अन्यायाचे होईल. बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे लावणे हे पालिका व पंचायतींचे काम. रात्रीची गस्त हे पोलिसांचे. तक्रारदारास प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळणे हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे.

चोरी झाली की परप्रांतीयाकडे बोट दाखवण्याची सवयही सोडली पाहिजे. पुराव्यावाचून केलेला संशय खऱ्या चोराच्याच पथ्यावर पडतो. त्यापेक्षा बाजारातील पाचदहा दुकानदारांनी एकत्र येऊन राखणदार नेमावा, परस्परांचे दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावेत आणि संशय येताच ११२ क्रमांकावर कळवावे. बैल गेला नि झोपा केला, असे म्हणण्याची पाळी येण्यापूर्वी शेजारधर्म जागा झाला, तर कुलपाचे निम्मे काम तोच करील.