मसुद्यावाचून मागितलेला कौल

युरोपीय संघात राहावे की त्यातून बाहेर पडावे, या प्रश्नावर २३ जून २०१६ रोजी ब्रिटिश जनतेने जो कौल दिला, त्याविषयी पराभूत पक्षाचे आणि पुष्कळशा तटस्थ विद्वानांचेही एक म्हणणे आजतागायत चालत आले आहे: मतदार अज्ञानी होता, सबब त्याचा कौल ग्राह्य धरण्याजोगा नव्हता. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार आहे असे नाही. ब्रिटन दर आठवड्यास संघाकडे ३५ कोटी पौंड धाडतो, असे ठळक अक्षरांत रंगवलेली लाल बसगाडी देशभर फिरली. ब्रिटनला मिळणारी सूट आधीच वजा होत असल्यामुळे तेवढी रक्कम कधी धाडलीच जात नव्हती, आणि हा आकडा दिशाभूल करणारा आहे असे सांख्यिकी प्राधिकरणाचे अध्यक्ष सर अँड्र्यू डिलनॉट यांनी बजावल्यावरही ती फिरतच राहिली. संघातील अन्य देशांत जन्मलेल्यांचे ब्रिटनच्या लोकसंख्येतील प्रमाण शेकडा ५ च्या आसपास असता, मतदानापूर्वीच्या एका पाहणीत लोकांचा सरासरी अंदाज शेकडा १५ निघाला. हे सर्व मान्य करूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

कारण हा हेतू अतिव्याप्त आहे. अज्ञानाने कौल रद्द होत असेल, तर शाबूत राहील असा कौल कोणता? आयर्लंडमध्ये २००८ साली लिस्बन तहावर मतदान व्हावयाचे होते, तेव्हा संघाचे आयुक्त असलेले चार्ली मॅक्रीव्ही यांनी तो तह आपण अथपासून इतिपर्यंत वाचलेला नाही, हे उघडपणे सांगितले. पंतप्रधान ब्रायन कावन यांचीही कबुली तीच होती. ज्यांनी तहाची शिफारस करावयाची त्यांची ही कथा, मग डब्लिनच्या गोदीतील कामगाराकडून कलमवार अभ्यासाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? शिवाय २०१६ च्या रणधुमाळीत अतिशयोक्तीची मक्तेदारी एकाच पक्षाकडे नव्हती. संघ सोडल्यास करवाढ आणि खर्चकपात मिळून ३००० कोटी पौंडांची कुऱ्हाड चालवणारे तातडीचे अंदाजपत्रक आणावे लागेल, अशी भीती अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी घातली होती; ते अंदाजपत्रक कधीच आले नाही. त्या भयाने ज्यांनी राहण्याच्या बाजूने मत दिले, त्यांना मात्र कोणी अज्ञानी म्हटल्याचे आढळत नाही. निकाल जाहीर झाल्यावर ‘युरोपीय संघ म्हणजे काय’ असा शोध गूगलवर घेतला गेला, हा तर मोठ्या कौतुकाने दिला जाणारा पुरावा. पण शोध घेणाऱ्यांत मतदार किती, बिनमतदार किती आणि शाळकरी पोरे किती, याची वासलात लावल्यावाचून तो दाखल करून घेणारा न्यायाधीश कच्चाच म्हणावा लागेल.

माहितीचा दुष्काळ होता, असेही नाही. सरकारने ९३ लक्ष पौंड खर्चून पावणेतीन कोटींच्या आसपास घरांत आपले पत्रक पोचवले होते, आणि मतपत्रिकेवरील प्रश्न एका बाजूस झुकू नये म्हणून निर्वाचन आयोगाने त्याची शब्दरचनाही बदलून घेतली होती. उणीव होती ती ज्ञेय वस्तूचीच. ‘राहणे’ म्हणजे काय हे चार दशकांच्या व्यवहाराने ठरलेले होते. ‘सोडणे’ म्हणजे काय याचा एक ओळीचाही अधिकृत मसुदा कोठे नव्हता. जकातसंघात राहावयाचे की नाही, नॉर्वेप्रमाणे एकसंध बाजारपेठेत राहावयाचे की तीही सोडावयाची, उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीची तजवीज काय, याविषयी सोडू पाहणाऱ्या पुढाऱ्यांतच एकमत नव्हते. जे अस्तित्वातच नाही, त्याचे ज्ञान ऑक्सफर्डच्या अध्यापकास जितके अशक्य, तितकेच संडरलंडच्या मोटार कारखान्यातील कामगारास. कोऱ्या स्टँपकागदावर कुळाचा अंगठा उठवून घ्यावा आणि पुढे त्यालाच निरक्षर म्हणून हिणवावे, ही सावकारी रीत आपल्याला अपरिचित नाही.

आणि विचारले तरी कोणाला? राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर लंडनात राहणाऱ्या पुणेकराला या मतदानाचा हक्क होता. परंतु पोर्तुगीज पासपोर्टच्या बळावर स्विंडनमध्ये संसार थाटलेल्या गोवेकराला, ज्याचे वास्तव्यच या निकालावर अवलंबून होते त्याला, तो नव्हता.

तेव्हा मंडन करावयाचे ते हे, की सार्वमत त्याज्य नाही; मसुद्यावाचून घेतलेले सार्वमत त्याज्य आहे. १९७५ साली याच ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी आधी अटींची फेरवाटाघाट केली, मग कौल मागितला, आणि घरोघर सरकारचे एक व दोन्ही पक्षांचे एकेक अशी तीन पत्रके पोचवली. नॉर्वेच्या सरकारने १९९४ च्या जून महिन्यात प्रवेशाच्या तहावर सही केली आणि नोव्हेंबरात तो जनतेपुढे ठेवला; शेकडा ८९ च्या आसपास मतदान होऊन शेकडा ५२ हून अधिकांनी तो नाकारला. डेन्मार्कने १९९२ साली मास्ट्रिख्ट तह फेटाळला, तेव्हा हव्या त्या सवलती लेखी मिळवून पुढच्या वर्षी पुन्हा लोकांना विचारण्यात आले. आपल्या शेजारचाच दाखला हवा असेल तर महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, या प्रश्नावरचा १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा कौल पाहावा. महाराष्ट्र राज्य डोळ्यांपुढे होते आणि केंद्रशासित कारभाराचा अनुभव चालू होता. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधीच पायउतार झाले होते. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले, आणि महाराष्ट्रातल्या अनेकांना तो निकाल कडू लागला. तथापि आपण काय नाकारीत आहोत हे गोमंतकीयास ठाऊक नव्हते, असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

ब्रिटनच्या निर्गमनाचा करारनामा, ५८५ पृष्ठांचा, मतदानानंतर जवळजवळ अडीच वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये लिहून झाला. १५ जानेवारी २०१९ रोजी कॉमन्स सभेने तो २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला. पुढे पालटलेल्या रूपात तो संमत होऊन ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. ज्या मतदाराच्या अज्ञानाचा एवढा गवगवा झाला, त्याच्यापुढे सार्वमतासाठी तो करारनामा एकदाही ठेवण्यात आला नाही.