*जलपर्णी आपल्याच युरियावर पोसते*



आज फवारणीचं वेळापत्रक नाही. आज नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याबद्दल माझं मत मांडतो.

गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. मागे गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, तिथे पक्षी यायला लागले. १९८६ ला अभयारण्य झालं. २०२० ला रामसर दर्जा जाहीर झाला, तोही राज्यात पहिला. आज इथे २४० हून जास्त जातींचे पक्षी दिसतात. पाहुण्यांना पक्षी दाखवणारे गाईड आपल्याच गावांतली पोरं आहेत.

पण काठावर काय चाललंय? पाणी ओसरलं की गाळपेर थेट पाण्याला भिडते. कांद्याला, उसाला दिलेला जादा युरिया पावसाबरोबर नदीत उतरतो. त्यावर जलपर्णी माजते आणि तीच आपल्या मोटारीच्या फुटबॉलला गुंडाळते. पक्ष्यांचं उथळ पाणी झाकलं जातं ते वेगळंच. शहराचं सांडपाणी येतं हे खरं, ते बंद व्हायलाच पाहिजे. पण आपला वाटा आपणच कमी करू शकतो.

"पक्षी हरभरा खातात, त्याचं काय?" असं बरेच जण विचारतात. तक्रार खरी आहे. क्रौंचांचा थवा रानात उतरला की नुकसान होतं. पण पाण्याकाठी चरायला जागाच ठेवली नाही, तर ते रानात जास्तच येणार.

म्हणून माझी विनंती:

✅ पाण्यालगत १०-१५ पावलं पट्टा मोकळा सोडा. गाळपेर त्याच्या वर करा.
✅ वरच्या कडेला वाळा, करंज, जांभूळ लावा. माती धरून राहते.
✅ माती परीक्षण करूनच खत द्या. युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्या.
✅ ब्लोअरची टाकी नदीत धुवू नका. धुतलेलं पाणी आपल्याच रानात फवारून टाका.
❌ जलपर्णीवर टू-फोर-डी मारू नका. सडलेल्या पाल्याने पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. आणि वाऱ्याने उडून आलेलं तणनाशक द्राक्षाला काय करतं, हे तुम्हाला सांगायला नको.

जलपर्णी हातानेच काढायची, तीही फुलावर येण्याआधी. शेणकाल्यासोबत रचली की कंपोस्ट होतं. एकट्याचं हे काम नाही. गावाने, मच्छीमार बांधवांनी मिळून करायचं. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनविभागाला विचारूनच उतरायचं.

पट्टा सोडला तर दोन-चार वाफे जातील, हे मला माहीत आहे. तरी सोडावा असं मला वाटतं. नदीचा काठ ढासळला तर वाफ्यांबरोबर रानही जातं.

तुमच्या गावात श्रमदान करायचं असेल, तर या मेसेजला गावाचं नाव लिहून उत्तर पाठवा. माझं म्हणणं पटलं नाही, तर तेही बिनधास्त लिहा. 🙏

– आपला कृषी सल्लागार